चप्पल घालून कॉफी

'तळा' म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, 'तळेगाव का?' नाही हो, तळा! जिल्हा रायगड. मुंबई-गोवा हायवेवर इंदापूर लागतं (उसाचं आणि उजनीचं इंदापूर नव्हे, हे आमचं कोकणातलं), तिथून आत वळायचं. डोक्यावर तळगड, पलीकडे मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची लेणी, मध्ये आमचं गाव. नगरपंचायत आहे, बाजार आहे, वडापाव झकास मिळतो. एस्प्रेसो मात्र मिळत नाही. म्हणजे, मिळत नव्हता. मी मशीन घेऊन गेले तोपर्यंत.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिसने लॅपटॉप हातात देऊन घरी बसवलं, तेव्हा 'घर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे माझ्या लक्षात आलं. एक ठाण्यातला भाड्याचा फ्लॅट आणि एक तळ्याचं कौलारू घर, जिथे आई एकटी असते. बाबा गेल्यानंतर तर महिन्यातले दहा-बारा दिवस तरी तिथूनच लॉग-इन करायचं, असं मी ठरवून टाकलं. नेट चालतं (पाऊस नसेल तर), कोळंबी ताजी मिळते, फक्त सकाळी साडेआठच्या कॉलला डोकं चालू करणारी कडक कॉफी नाही. आईच्या हातची दुधाळ, जायफळ घातलेली कॉफी हे एक सुख आहे, पण ती पिऊन झोप येते, जात नाही! म्हणून एके दिवशी दोन उशांच्या मध्ये बसवून मशीन गाडीत घातलं आणि निघाले.

मशीनने तो प्रवास सोसला असं मला वाटलं होतं. पनवेल ते इंदापूर हा पट्टा चौपदरी करायचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्यानंतरची सगळी वर्षं या रस्त्यावरून गेलेल्या कुठल्याही पाठीच्या मणक्याला विचारा!

घूंऽऽऽ… आणि काहीच नाही

मे अखेरीस मशीन तळ्यात ठेवलं, जूनमध्ये ऑफिसच्या कामात अडकले आणि ऐन ऑगस्टात घरी गेले. बाहेर कोकणातला पाऊस, ओट्यावर मशीन. टाकी भरली, बटण दाबलं. घूंऽऽऽ असा नेहमीपेक्षा मोठा आवाज आला, पण खाली कपात एक थेंब नाही.

घरचं एस्प्रेसो मशीन बिघडलं की आपण पहिलं काम करतो ते सर्व्हिस सेंटर शोधायचं. इथून सर्व्हिस सेंटर तीन-चार तासांवर. तेव्हा करायचं काय, तर कान लावायचे. हे मशीन बोलतं हो! आत असतो एक छोटा पंप. त्यात एक कॉइल आणि एक दट्ट्या. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून तो दट्ट्या सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होतो. घरगुती मशीनच्या खोक्यावर ऐटीत '15 बार' छापलेलं असतं, ती या पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोला खरा लागतो तो 9 बारच्या आसपासचा दाब आणि साधारण 90 ते 96 अंश तापमानाचं पाणी. वाफ नाही, पाणी! इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्या शिटीवाल्या कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम 1 बारने जास्त असतो आणि आतलं तापमान 120 पर्यंत जातं. म्हणजे कुकर जास्त गरम, पण एस्प्रेसो मशीन कितीतरी जास्त दाबाचं.

तर आवाजाची भाषा अशी. बटण दाबूनही मशीन पूर्ण मुकं असेल तर वीज आत पोचतच नाहीये, फ्यूज किंवा जास्त तापल्यावर तुटणारा थर्मल कट-ऑफ गेलाय. तिथे आपण हात घालायचा नाही. आवाज जाड आणि दबलेला, आणि कॉफीचा दांडा लावल्यावरच पाणी अडतंय, तर दोष मशीनचा नाही, तुमच्या पावडरचा. फार बारीक दळलीय. उलट पंधरा सेकंदांत बदाबदा कप भरतोय, वर साय नाही, तर पावडर जाड आहे किंवा जुनी. (दुकानातून आणलेलं, तीन महिने उघडं राहिलेलं पाकीट असेल तर कुठल्याही मशीनला दोष देऊ नका. ती सोनेरी साय म्हणजे बियांमधल्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. वायूच उडून गेला तर साय येणार कुठून?) दांड्याच्या कडेने गळतंय, तर आतलं रबर कडक झालंय, कुकरची गॅस्केट होते तसंच. आणि माझ्यासारखा मोकळा, खडखडता, मोठा आवाज आला तर पंप पाण्याऐवजी हवा ढकलतोय. एअरलॉक!

एअरलॉक काढणं सोपं. कॉफीच्या तोंडाकडून नाही, वाफेच्या नळीकडून. त्या नळीचा नॉब पूर्ण उघडायचा, खाली पातेलं धरायचं आणि पंप दहा-पंधरा सेकंद चालवायचा. नाहीच झालं तर मशीन बंद करून, प्लग काढून, टाकीच्या खालच्या भोकातून सुई नसलेल्या सिरिंजने पाणी आत दाबायचं. मी दुसरा उपाय केला. तिसऱ्या प्रयत्नात नळी ठसकली, थुंकली आणि पाणी आलं. पण काय आलं! पाण्यात अंड्याच्या टरफलासारखे पांढरे तुकडे.

हे ठाण्याचं पाणी. आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर आणि बोअरचं मिक्स येतं. बादलीवर बसतो तो पांढरा थर मशीनच्या पोटातही दोन वर्षं बसत होता आणि हायवेच्या धक्क्यांनी तो सुटला असणार. इलाज किराणा दुकानात, लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्यात साधारण पंधरा-वीस ग्रॅम. थोडं आत खेचायचं, वीसेक मिनिटं थांबायचं, सोडायचं, पुन्हा खेचायचं. मग साध्या पाण्याच्या निदान तीन टाक्या सोडायच्या. त्याहून तीव्र करायचा मोह नको, आतले भाग ॲल्युमिनियमचे असू शकतात. व्हिनेगर तर नकोच. वास महिनाभर जात नाही आणि कॉफीला लोणच्याची चव येते (स्वानुभव, पुन्हा बोलायचं नाही).

संध्याकाळी पाचला पहिला कप निघाला. वर साय, खाली अंधार. मी चिकमगळूरच्या बियांचा वास घेत ओसरीवर बसले. काम फत्ते! लेख इथेच संपला असता.

आत आई ओटा पुसत होती. तिने हाक मारली, तीही अगदी सहज, भाजीत मीठ जास्त पडलंय हे सांगावं तशी.

'अगं, हेही मशीन चावतं का?'

'हेही' म्हणजे?

आमच्या फ्रिजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायम असतो. मी लहान असल्यापासून नसेल, पण कॉलेजपासून तरी नक्की. फ्रिज उघडायचा तर पाय आधी चपलेत. मिक्सर लावायचा तर चप्पल. गीझरच्या नळाला हात लावण्याआधी बटण बंद. हे सगळं आमच्या घरात इतकं अंगवळणी पडलं होतं की ते विचित्र आहे हे मला कधी वाटलंच नाही. 'पावसाळ्यात येतातच गं झिणझिण्या, सगळ्यांकडे येतात,' आई म्हणाली. आणि मी इंजिनिअर बरं का! सॉफ्टवेअरची असले म्हणून काय झालं.

मी बोटाची मागची बाजू मशीनच्या स्टीलला हलकेच लावून पाहिली. (हा मूर्खपणा होता, करू नका.) मुंग्या आल्या. ठाण्यात याच मशीनला दोन वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या.

बल्बची परीक्षा

बाजारात एका काकांचं दीड माणूस मावेल एवढं दुकान आहे. कुकर, मिक्सर, शेगड्या दुरुस्त करतात आणि गावातल्या निम्म्या घरांची वायरिंगही. दूध सुकून बंद झालेलं वाफेच्या नळीचं टोक त्यांनी आधी एका मिनिटात मोकळं केलं, स्टोव्हच्या पिनने! रॉकेलचे स्टोव्ह गेले, पिना अजून डब्यात आहेत. 'हे म्हणजे तुमचं लग्नातलं एक्स्प्रेसोच ना?' त्यांनी विचारलं.

तुम्हाला आठवतंय ना ते यंत्र? मांडवाच्या कोपऱ्यात, चकचकीत बॉयलर, फुस्सऽऽ करून दुधात वाफ सोडणारा पोरगा, वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. आपल्या पिढीचा एस्प्रेसो आधी तोच. इन्स्टंट कॉफी, साखर, दूध आणि वाफ. कॅफे नंतर आले. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर 1996 मध्ये उघडलं. मला आधी त्या मांडवातल्या यंत्राची जरा लाज वाटायची. पण इतिहास बघितला तर ते अगदीच परकं नाही. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदोने 1884 मध्ये पेटंट घेतलं ते वाफेवरच्या यंत्राचं. दाब वाढला, साय आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, गाज्जियाच्या दांड्याच्या मशीनमुळे. आणि विजेच्या पंपाचं जे मशीन आजच्या सगळ्यांचं आजोबा शोभतं, ते फाएमाचं 'ई-61' हे 1961 चं.

काकांना मी हे सगळं सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बाय, चावतं ते मशीन की चावतं ते घर?'

दुसऱ्या दिवशी ते घरी आले, हातात होल्डरमध्ये बसवलेला साधा पिवळा बल्ब आणि त्याच्या दोन वायरी. आधी टेस्टर मशीनच्या अंगाला लावला, पेटला. फ्रिजला लावला, पेटला. मग त्यांनी बल्बची एक वायर सॉकेटच्या फेजमध्ये आणि दुसरी न्यूट्रलमध्ये धरली; बल्ब लख्ख. दुसरी वायर काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगमध्ये घातली.

अंधार.

'घराला अर्थिंगच नाही,' काका म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. 'असं कसं, भाऊ? ह्यांनी उभं राहून करून घेतलीय सगळी वायरिंग. चांगल्यातली वायर आणली होती पनवेलहून.' ती हे ज्या स्वरात म्हणाली ना, त्यानंतर मला कॉफीचं काही सुचेना.

जरा समजून घेऊ या, कारण हे तुमच्या फ्लॅटलाही लागू आहे. तीन पिनांमधली ती मोठी जाड पिन असते कशाला? मशीनच्या धातूच्या अंगावर चुकून वीज आली तर तिला जमिनीत जायला वाट हवी म्हणून. ती वाट तुटलेली असेल तर वीज तिथेच वाट बघत बसते, कोणी ओल्या फरशीवर अनवाणी येऊन हात लावेपर्यंत. मग वाट आपणच! 'पण आमच्याकडे एमसीबी आहे' असं म्हणू नका. ती पडते वायरिंगवर जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं तर. 6 किंवा 16 अँपिअरच्या हिशेबाने. माणसाच्या छातीतून 30 मिलिअँपिअरच्या वर करंट गेला तर जिवाशी खेळ होऊ शकतो. 16 अँपिअरची एमसीबी याच्या पाचशेपट करंटलासुद्धा 'ठीक आहे, नॉर्मल आहे' म्हणते. माणूस वाचवायचं काम दुसऱ्या डबीचं, आरसीसीबीचं. वायरमन तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. जाणारी आणि परत येणारी वीज ती सारखी मोजत असते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणाच्या आत बंद. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. आज घरी गेलात की दाबून बघा. डबीच नसेल, तर मग बोला!

आणखी एक, मावशीने किंवा मित्राने परदेशातून मशीन आणलं असेल तर. युरोपातल्या प्लगला दोन गोल पिना दिसतात, पण त्याचं अर्थिंग कडेच्या धातूच्या पट्टीत असतं. तो साध्या कन्व्हर्टरमध्ये खोचला की अर्थिंग गायब आणि मशीन मजेत चालू! अमेरिकेतलं मशीन तर 120 व्होल्टचं. ते इथे लावलं तर एकच कप निघेल, तोही धुराचा.

आता, बाबांनी करून घेतलेली वायर गेली कुठे? काकांनी मीटरपासून ती हिरवी वायर धरली आणि भिंतीभिंतीने निघाले. मागच्या पडवीतून, न्हाणीघराच्या मागून. आमची जुनी मोरी पाडून तिथे बाथरूम बांधलं त्याला बारा-तेरा वर्षं झाली. त्या बाथरूमच्या जोत्यापाशी वायर संपली. संपली म्हणजे, कापलेली होती. सरळ, पक्कडीने. गवंड्याला खणताना आडवी आली असणार, त्याने तोडून वर लटकवून दिली आणि प्लास्टर केलं. अर्थिंगचा जुना खड्डा बाथरूमच्या कोब्याखाली.

'म्हणजे ह्यांनी बरोबर केलं होतं,' आई म्हणाली.

'एकदम बरोबर केलं होतं,' काका म्हणाले.

आई आत चहा टाकायला गेली. खूप वेळ आली नाही.

जांभ्यात खड्डा खणणं हे चेष्टेचं काम नाही, त्यात पाऊस. दोन माणसं दीड दिवस लागली. अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला फनेल. (ऑगस्टमध्ये फनेल बघून मला हसू आलं. काका म्हणाले, 'एप्रिलमध्ये हसून दाखव.' सुकलेल्या जमिनीत वीज मुरत नाही, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावंच लागतं.) पुन्हा बल्ब. फेज आणि अर्थिंग. लख्ख! मग मेनजवळ नवी ईएलसीबी बसली. सगळं चालू केलं. फ्रिज ठीक. मिक्सर ठीक. माझं इटालियन नावाचं लाडकं मशीन लावलं आणि, खट्! अख्खं घर बंद.

दोषी दोन होते तर. घराला वाट नव्हती आणि मशीन खरंच गळत होतं, पाणी नव्हे, वीज. काकांनी मेगर लावून पाहिलं, हीटरचं इन्सुलेशन अर्ध्या मेगओहमच्याही खाली. गंमत अशी की कॉइल जळली नव्हती. या हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते आणि ती हवेतला दमटपणा ओढून घेते. दोन महिने बंद मशीन, कोकणातला पावसाळा, भिंतींनाही जिथे घाम फुटतो तिथे पूड काय करणार! रोज वापरातलं मशीन आपल्याच उष्णतेने कोरडं राहतं. काकांनी बॉयलर सुटा केला, रबराचे तुकडे काढले आणि आईच्या केकच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर चार तास ठेवला. आईने दर अर्ध्या तासाने काचेतून डोकावून पाहिलं, जणू नानकटाईच आहे. चार तासांनी मेगरचा काटा पार पलीकडे. तोच ओव्हन ईएलसीबी लागण्याआधी किती वर्षं चावत होता, हा प्रश्न मी विचारला नाही.

आता मशीन चालतं. संध्याकाळी सातनंतर नाही, तेव्हा व्होल्टेज उतरतं आणि पंपाची ताकदही, कॉफी नुसती ठिबकते. तळ्याहून निघताना मी टाकी रिकामी करते आणि आईला सांगते, एक दिवसाआड पाचेक मिनिटं चालू करून ठेव. ती करते. कॉफी पीत नाही. त्या पाण्यात पाय शेकते म्हणाली. फ्रिजसमोरचा चपलांचा जोड मी उचलून बाहेर ठेवला होता, पुढच्या खेपेला गेले तर परत जागेवर. सवय, दुसरं काय.

काकांचं बिल मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झालं, त्यातलं बहुतेक खड्ड्याचं. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी एक कप मागून घेतला. तीन चमचे साखर घातली, एका घोटात संपवला आणि म्हणाले, 'लग्नातली बरी.' एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकू डोकावल्या. भाऊ, आमच्याकडेही मिक्सरला मुंग्या येतात, जरा बघता का? काकांनी बल्ब उचलला. मीही मागोमाग गेले.

फेज, न्यूट्रल. लख्ख. फेज, अर्थिंग.

काकूंच्या फ्रिजसमोर निळ्या रंगाची चप्पल होती.